गाडी उशिरा सुरू होते, म्हणजे नेमकी कधी?

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. नाशिकच्या वहिनींनी फोनवर दोनदा विचारलं, "भाऊजी, ब्लॉग बंद केलात की काय?" बंद नाही केला. मध्यंतरी जरा गाडीच्या मागे होतो. म्हणजे अक्षरशः मागे, मडगार्डपाशी कान लावून. ते का, हे पुढे येईलच.

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. रात्री पावणेदोनला सौ.ला एकदम धाप लागली. पंप (तिच्या दम्याचा, गाडीचा नव्हे, गाडीच्या पंपाची पाळी नंतर आहे) घेऊनही बसेना. मी गाडी काढली. सांगलीहून मिरज काही लांब नाही, दहा-एक किलोमीटर. पण चावी फिरवली आणि गाडी नुसती कुर्र-कुर्र-कुर्र करत राहिली. मी मनात आकडे मोजत होतो. चाळीस वर्षं वर्गात "एक ते दहा म्हणेपर्यंत जागेवर बसा" म्हटल्याची सवय. अकरा झाले, बारा झाले, तेव्हा कुठे इंजिन धरलं. बारा सेकंद म्हणजे काही फार नाही, असं आज खुर्चीत बसून वाटतं. त्या रात्री शेजारच्या सीटवर तिचा श्वास ऐकू येत होता, आणि ते बारा आकडे मी अजून विसरलेलो नाही.

वेळेत पोचलो. तिसऱ्या दिवशी घरीही आली. त्याबद्दल सगळ्यांचे फोन आले होते, पुन्हा आभार मानतो. पण आजचा विषय तो नाही. आजचा विषय असा, की त्यानंतर दीड महिना मला भेटेल त्या माणसाने गाडीचं निदान सांगितलं आणि त्यांतल्या एकानेही मला एक साधा प्रश्न विचारला नाही.

आमची गाडी २०१२ची, पेट्रोलची. पंधरा वर्षं भरायला आली आहेत, म्हणजे आरटीओत तपासणी आणि नव्याने नोंदणीचं प्रकरण जवळ आलंय. त्यामुळे बंगळुरूच्या चिरंजीवांचं निदान सर्वांत सोपं होतं : "बाबा, विकून टाका." शेजारच्या निवृत्त ओव्हरसियर साहेबांचं म्हणणं, "हे सगळं इथेनॉलमुळे." पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यापासून त्यांना गुडघेदुखी सोडून बाकी सगळं इथेनॉलमुळे होतं. आणि उरलेल्या सगळ्यांचं निदान एकच, "पुरातली गाडी ना?"

आता हे सांगितलंच पाहिजे. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी चढायला लागलं तेव्हा आम्ही गावभागात राहत होतो. पाणी गल्लीत येण्याआधीच मी गाडी विश्रामबागला मेहुण्यांच्या दारात नेऊन लावली होती. घरात पाणी आलं, पुस्तकांचं कपाट गेलं, माझ्या सगळ्या जुन्या डायऱ्या गेल्या. गाडीच्या टायरलाही पाणी लागलं नाही. पण सांगलीची गाडी आणि २०१९च्या आधीची, एवढं कळलं की ऐकणाऱ्याचं निदान पूर्ण होतं. पुढचं कोणी ऐकतच नाही. पुरातली असती तरी सहा वर्षं मुकाट्याने सुरू होऊन ती आत्ताच का रुसली, हाही प्रश्न कोणाला पडत नाही.

असो. मी एका नावाजलेल्या गॅरेजमध्ये गेलो. काउंटरवरच्या मुलाने चावी हातात घेतली, "स्टार्टिंग प्रॉब्लेम" असं कार्डावर लिहिलं आणि मला चहा दिला. दोन तासांनी बॅटरी बदललेली होती. पाच वर्षं झाली होती म्हणे. जुनी बॅटरी मोजली का, असं मी विचारलं तर तो हसला. ती तोवर बदल्यात जमा झालेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पुन्हा कुर्र-कुर्र-कुर्र. पुन्हा गेलो. या वेळी प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी साफ केली. तिसऱ्या सकाळी पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला ते म्हणाले, आता सेल्फ बदलून बघू.

"बदलून बघू" या दोन शब्दांशी माझं भांडण आहे, आणि हा लेख त्या भांडणासाठीच लिहितोय. बघायचं आधी असतं हो! बदलून मग बघायचं, हा कुठला न्याय? आणि ते बघणंही माझ्या पैशांनी आणि माझ्या सकाळी.

मी बी.ए. झालो इतिहास आणि मराठी घेऊन. यंत्राशी माझा संबंध सायकलीची चेन बसवण्यापुरता. पण तिसऱ्या खेपेनंतर मी घरी येऊन हट्टाने वाचायला बसलो, नातवाने व्हिडिओ लावून दिले तेही पाहिले, आणि पहिल्याच दिवशी एक गोष्ट कळली, ती मला कोणीही दोन मिनिटांत सांगू शकलं असतं. "गाडी उशिरा सुरू होते" हे एक दुखणं नाही, निदान दोन दुखणी आहेत. एकात सेल्फ मारला की इंजिन जड फिरतं, खर्र... खर्र... असं, आणि हेडलाइट लावलेले असले तर अगदी मिणमिणते होतात. तिथे बॅटरी, तिच्या टर्मिनलवर चढलेला पांढरा-हिरवा फुलोरा, अर्थिंगची पट्टी, किंवा खुद्द सेल्फची मोटर यांच्यावर संशय घ्यायचा. दुसऱ्या प्रकारात सेल्फ अगदी जोमात फिरवतो, इंजिन भरभर फिरतं, पण धरत नाही. तिथे फिरवणाऱ्याचा दोष नाही. इंजिनाला पेट्रोल, ठिणगी किंवा हवा यांपैकी काहीतरी वेळेवर मिळत नाही.

आमची गाडी त्या रात्री कशी फिरत होती? जोमात. दिवे मिणमिणले होते का? नाही, समोरची भिंत स्वच्छ दिसत होती, तिच्यावरची कोचिंग क्लासची जाहिरात मी सेल्फ मारता मारता वाचल्याचं मला आठवतं. म्हणजे बॅटरी बदलायच्या आधीच बॅटरी निर्दोष असल्याचा पुरावा माझ्यापाशी होता. कोणी विचारला नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही तो पुरावा आहे हे माहीत नव्हतं.

मग मी एक वही घातली. मास्तर दुसरं काय करणार? रकाने आखले : तारीख, वेळ, गाडी किती तास उभी होती, हवा कशी, किती सेकंदांत धरली, आणि शेवटी शेरा. सौ. म्हणाली, "गाडीचं प्रगतिपुस्तक का?" मी म्हटलं, हो.

तीन आठवड्यांत ३१ नोंदी झाल्या. पहिल्या आठवड्यात मला वाटत होतं की थंडी-ओल्या हवेचा संबंध असावा, कारण सकाळीच त्रास होतो. पण एका रविवारी गाडी शनिवार रात्रीपासून उभी होती ती भर दुपारी काढली, बॉनेटला हात लावला तर चटका बसावा इतकं ऊन, तरी सात सेकंद. आणि एका पावसाळी गार सकाळी भाजी घेऊन आलो, तासाभराने परत काढली तर दोन सेकंदांत सुरू. म्हणजे सकाळचा संबंध नव्हता, गारव्याचाही नव्हता. तासभर उभी असेल तर दोन सेकंद, पाच तास उभी असेल तर चार, रात्रभर उभी असेल तर सहा ते आठ. संबंध उभं राहण्याशी होता. काहीतरी हळूहळू ओसरत होतं.

आणि मग सतराव्या नोंदीचा शेरा. तो मुद्दाम जसाच्या तसा देतो : "सौ. चष्मा विसरली." झालं असं, की सकाळी मिरजेला फेरतपासणीला निघालो होतो. चावी ऑनपर्यंत फिरवली, एवढ्यात हिला चष्म्याची आठवण झाली. मी चावी बंद केली, ती आत जाऊन आली, परत चावी ऑन करून सेल्फ मारला. रात्रभर उभी असलेली गाडी दोन सेकंदांत सुरू! मी रकान्यात २ लिहिलं, तो आकडा खोटा वाटला म्हणून शेऱ्यात कारण लिहून ठेवलं. त्या शेऱ्याचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता.

जरा विषयांतर. तुमच्यातल्या साठीपुढच्यांना स्कूटर आठवत असेल. सकाळी ती एका अंगाला कलती करायची, चोक ओढायचा, मग किक. कलती किती करायची, चोक कधी आत ढकलायचा, हे प्रत्येकाला आपापल्या स्कूटरपुरतं ठाऊक असायचं. गाड्यांनाही कार्ब्युरेटर आणि चोक होता. ॲम्बॅसिडरला तर समोरून हँडल घालून फिरवायची सोय होती. म्हणजे गाडी सुरू करताना मालक स्वतः थोडा मेकॅनिक असे. इंजेक्शनच्या गाड्या आल्या आणि चावी फिरवण्याखेरीज आपल्याला काही उरलं नाही. ते सोयीचंच आहे, मला काही ते दिवस परत नको आहेत. पण गाडीशी बोलायची आपली भाषा मात्र गेली. आता आपण गॅरेजला सांगतो "प्रॉब्लेम आहे", आणि ते म्हणतात "बदलून बघू".

वाचता वाचता हेही कळलं की हँडलपासून माणसाला सोडवणारा विजेचा सेल्फ-स्टार्टर चार्ल्स केटरिंग या अमेरिकन माणसाने केला, आणि १९१२च्या कॅडिलॅक गाड्यांवर तो पहिल्यांदा आला. त्याआधी हँडलने उलटा झटका दिला की मनगटं मोडायची. हे केटरिंगसाहेब तरुणपणी शाळामास्तर होते! (आमच्या जातीतला माणूस म्हणून ऊर भरून आला.) आणि डोळ्यांच्या दुखण्यापायी त्यांना कॉलेज मध्येच सोडावं लागलं होतं, पुढे परत जाऊन १९०४ साली इंजिनिअर झाले.

ते डोळ्यांचं वाचलं आणि वाचन तिथेच थांबलं. कारण मला एक मुलगा आठवला.

चाळीसेक वर्षं झाली असतील. आठवीचा वर्ग. चाचणी परीक्षेचे प्रश्न तेव्हा आम्ही फळ्यावर लिहून देत असू. हा मुलगा पहिली दहा-बारा मिनिटं पेन उघडायचाच नाही. मग शेजाऱ्याच्या वहीत डोकवायचा आणि लिहायला लागायचा. एकदा लिहायला लागला की हात भराभर चाले. मी निदान केलं : कॉपी. दोन पट्ट्या मारल्या आणि त्याला शेवटच्या बाकावर एकट्याला बसवला. पुढच्या चाचणीत त्याने जवळजवळ कोरा पेपर दिला, तेव्हा माझं निदान पक्कं झालं. प्रगतिपुस्तकात मी शेरा लिहिला, "लेखनास विलंब. लक्ष नाही." वार्षिक परीक्षेला छापील प्रश्नपत्रिका होती. त्यात त्याला साठाच्या वर गुण पडले. मी काय समजलो असेन? की या वेळी कॉपी पकडता आली नाही.

पुढच्या वर्षी शाळेत डोळेतपासणीचं शिबिर झालं, त्यात कळलं की त्याला पहिल्या बाकावरूनही फळा नीट दिसत नव्हता. तो उत्तरं बघत नव्हता, प्रश्न बघत होता.

मला जे टोचतं ते हे, की सगळा पुरावा माझ्याच गुणपत्रकात होता. फळ्यावरच्या चाचणीत कमी, छापील पेपरात जास्त, तोंडी परीक्षेत उत्तम. तीन रकाने शेजारी शेजारी होते आणि ते मीच भरले होते. "उशिरा लिहितो" एवढंच मी पाहिलं; नेमकं कधी उशिरा लिहितो, हे मी स्वतःला विचारलं नाही. त्याचे वडील बदलीवर गेले, मुलगा शाळा सोडून गेला. त्याची क्षमा मागायची राहिली. तेव्हा गॅरेजच्या काउंटरवरच्या मुलाला नावं ठेवताना माझी जीभ थोडी अडखळते. त्याने माझे पैसे घालवले. मी दुसऱ्याच्या लेकराला शेवटच्या बाकावर बसवलं होतं.

तर वही घेऊन मी मिरज रोडच्या एका मिस्त्रींकडे गेलो. छोटं गॅरेज, पत्र्याची शेड. सेल्फ मारून दाखवू का, असं मी म्हटलं तर ते म्हणाले, "थांबा सर, आज मारू नका. गाडी रातभर हितंच ऱ्हाऊ द्या. आजारच दिसला न्हाई तर औषध कशाला द्यायचं?" आणि वही ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी गेलो तर सतराव्या नोंदीवर ऑइलच्या बोटाचा ठसा होता. "चष्म्यातच सगळं हाय सर," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी मला मागच्या सीटपाशी कान लावायला सांगितला. चावी ऑन केली की टाकीतला पेट्रोलचा पंप दोनेक सेकंद घूंऽऽ करून थांबतो. इंजिन फिरायच्या आधी नळीत दाब भरून ठेवणं हे त्याचं काम. गाडी बंद केल्यावरही तो दाब नळीत टिकावा म्हणून पंपापाशी एक झडप असते, पेट्रोल मागे जाऊ न देणारी. ती झिजली की उभ्या गाडीत पेट्रोल हळूहळू टाकीत परत उतरतं. सकाळी नळी रिकामी. दोन सेकंदांत ती पुरती भरत नाही, मग उरलेली भरेपर्यंत बिचारा सेल्फ फिरत राहतो. चावी दोनदा ऑन केली की पंपाला दुप्पट वेळ मिळतो. चष्म्याने तेच केलं होतं.

पण मिस्त्री एवढ्यावर थांबले नाहीत, म्हणून मला ते आवडले. वहीवरून झडपेचा संशय आला, पण गळती पुढे इंजेक्टरपाशीही असू शकते. तिथूनही दाब उतरतो. त्यांनी नळीवर गेज लावलं. इंजिन चालू असताना दाब भरपूर आणि स्थिर. बंद केल्यावर काटा आमच्या डोळ्यांदेखत उतरायला लागला. मग परत दाब भरून, इंजिन बंद करून, टाकीकडून येणाऱ्या रबरी नळीला चिमटा लावला. काटा जागच्या जागी! म्हणजे गळती चिमट्याच्या टाकीकडच्या अंगाला, इंजेक्टर निर्दोष. बाहेर कुठे पेट्रोल ठिबकतंय का, वास येतोय का, हे गाडीखाली झोपून पाहिलं. ते नसल्याची खात्री झाल्यावरच मला म्हणाले, आता घरी न्यायला हरकत नाही. स्कॅनरही लावला. स्कॅनर म्हणाला, काही दोष नाही! मला त्याची गंमत वाटली. झडपेला काही वायर नाही, तिची तक्रार संगणकापर्यंत पोचायची कशी? आणि कोड आला असता तरी तो साक्षीदाराचं नाव सांगतो, गुन्हेगाराचं नाही, असं मिस्त्रींचं मत. (शब्द माझे, मत त्यांचं.)

या सगळ्याचे त्यांनी किती घेतले? तीनशे रुपये. मी जास्त देऊ केले तर म्हणाले, "पार्ट कुठं बदलला?" इथे मात्र मी त्यांच्याशीही भांडलो. अहो, पार्ट बदलला नाही म्हणूनच तर पैसे द्यायचे! पण दोष त्यांचा नाही, आपलाच आहे. हातात जुना पार्ट पिशवीत घालून दिला की आपण हजारो रुपये मुकाट देतो; आणि कोणी तासभर नुसता काट्याकडे बघत बसला तर त्या बघण्याचं बिल आपल्याला जास्त वाटतं. डॉक्टरने गोळ्या लिहिल्या नाहीत तर फी वाया गेली म्हणणारे आमच्याच घरात आहेत. मग गॅरेजवाल्याने बदलावं नाही तर काय करावं? बघण्याचे पैसे देणारं गिऱ्हाईक त्याला भेटतंच कुठे?

झडप सुटी मिळत नाही, टाकीतला पंप सगळाच बदलावा लागतो. तो चालतोय चांगला. तेव्हा बदलायचा की नाही यावर घरात दोन पक्ष आहेत. चिरंजीव आता "विका" वरून "पंप तरी बदला" वर आले आहेत. मी म्हणतो आरटीओच्या तपासणीआधी बदलू, घाई नाही. या वेळी काय बदलतोय ते माहीत असल्यामुळे पैसे देताना हात आखडणार नाही. सौ.चं मत तिने बोलून दाखवलं नाही. पण परवा पाहिलं तर स्टिअरिंगशेजारी तिच्या अक्षरात एक चिठ्ठी चिकटवलेली होती : "चावी दोनदा." आणि रविवारपासून ती स्वतः चालवायच्या सीटवर बसून गाडी सुरू करायला शिकतेय. पंप घूंऽऽ करून थांबला की माझ्याकडे बघते, मी मान हलवली की परत फिरवते.

वही अजून चालू आहे. कालची नोंद : सकाळी ७-१०, रात्रभर उभी, हवा गार, २ सेकंद. शेरा : सौ.ने सुरू केली.